राहुटीची झालर

मु. करंजवाडी, पो. येडशी
२० नोव्हेंबर १९६१

भाऊजी,

त्या दिवशी सकाळी मी आधी म्हशीची धार काढली, मग शेण उचललं, गोवऱ्या थापल्या, आणि हात धुऊन ओसरीवर राहुटी पसरली. खालच्या झालरीची एकच बाजू शिवायची राहिली होती. दाभण बोटात घुसलं तेव्हा तुमचे दादा म्हणाले, राहू दे, तीन बाजू पुरे झाल्या. मी म्हटलं, चौथ्या बाजूनं कंदिलाचा उजेड बाहेर जाईल, डुकरं पळतील, आणि मग बोल मलाच लावाल. चुलीवरची भाकरी उतरायच्या आत तीही बाजू शिवून झाली. धोंडीबानं गाडी जुंपली. तुम्ही येडशीच्या फाट्यावर थांबणार होतात, म्हणून त्यांनी चहा उभ्यानंच घेतला.

तुमचं पत्र वाचलं आणि ही सकाळच डोळ्यांपुढं आली, म्हणून तीच आधी लिहिली. येत्या पौषात त्याला पाच वर्षं होतील. दादा गेल्यावर तुमचं हे पहिलं पत्र. ते वाचून दाखवायला कुणाला बोलवावं लागलं नाही, हे कळावं म्हणून सांगते. मला आता वाचता येतं. लिहिते कसं ते तुम्ही पाहताच आहात.

तुमच्या अंबादासच्या नावावर बंदुकीचा परवाना झाला आणि तो वाशीकडच्या डोंगरात शिकारीला जाणार, रात्री मुक्कामाला काय न्यावं, हे तुम्ही मला विचारलंत. घरात पुरुष नसलेल्या बाईला असं कुणी काही विचारत नाही. बरं वाटलं. मला ठाऊक आहे तेवढं लिहिते.

सोलापूरच्या जुन्या बाजारात पलटणीचे खाकी तंबू, छोलदाऱ्या, मिळतात म्हणता, त्या टिकाऊ असतात, पण जड फार. गाडी डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाते. तिथून वर ती कोण वाहणार? दहिवरानं भिजली तर दोन माणसांना उचलत नाही. ट्रकची ताडपत्री तुमच्या दुकानात आहे म्हणून नेऊ नका. तिला तेलकट वास असतो, तो डुकराला दोन शेतांवरून येतो. वाऱ्यानं ती फडफडते, आणि पहाटे आतून पाणी गळतं. दादांनी एकदा नेली होती. परत आले ते शिंकत आले, आणि हात हलवत आले.

माझं ऐकाल तर साधं पाल घ्या. एक आडवा वासा, दोन मेढी आणि वरून जाड मांजरपाट. दोन्ही तोंडं उघडी ठेवायची. थंडी लागते, पण दोन घोंगड्या जास्त घेतल्या की भागतं.

त्यांची राहुटी तुम्ही मागितली आहे. तिला उंदीर लागले. ती कामाची राहिली नाही.

शारदाबाईंना नमस्कार. इकडं शाळू पोटऱ्यात आलाय. बाकी सांगण्यासारखं काही नाही. दिवसभर बोलायला म्हैस आहे.

महानंदा


नळदुर्ग
२९ नोव्हेंबर १९६१

ती. वहिनी,

तुमचं पत्र शारदेला मोठ्यानं वाचून दाखवलं. ती म्हणाली, वहिनींचं अक्षर तुमच्यापेक्षा चांगलं आहे, आणि वहिनींना टायरचा हिशोब लिहायला दुकानात बसवा.

पालाचा सल्ला मात्र अंबादासला पटला नाही. तो म्हणतो, आपण काय नंदीबैल घेऊन निघालोय का? नवा परवाना, नवी बंदूक, त्यातून सासुरवाडीचं बोलावणं. त्याच्या सासऱ्यांच्या शाळवात डुकरांनी हैदोस घातलाय, त्यांनी जावयाला मुद्दाम बोलावलंय. संक्रांतीच्या आधी चौघं मिळून जायचं ठरतंय. सासऱ्यांसमोर जावई पालात झोपला तर कसं दिसेल, हीच त्याची खरी अडचण आहे. डुकरांची त्याला फिकीर नाही.

आता एक विचारतो, रागावू नका. कार्तिक पौर्णिमेला धोंडीबा तुळजापूरला भेटला. सहज बोलता बोलता म्हणाला, बाई दर उन्हाळ्यात राहुटी उन्हाला घालत्यात, निंबाचा पाला घालून परत बांधून ठिवत्यात, अजून नव्यासारखी हाय. मग हे उंदीर कुठले? तुमच्या उंदरांना सांगा, नळदुर्गाला आमच्या टायरांकडं या, इथं खायला पुष्कळ आहे.

चेष्टा बाजूला ठेवतो. तुमचा माझ्यावर राग आहे हे मी समजतो. दादा गेल्यावर बाराव्याला आलो, त्यानंतर तुमच्या उंबऱ्यावर आलो नाही. हायवेवरचं दुकान, ट्रक कधीही येऊन उभा राहतो, ते सोडून निघवत नाही. हे कारण खोटं नाही, पण पुरेसंही नाही, हे मला कळतं. राग माझ्यावर काढा, अंबादासवर नको. राहुटी त्याला द्या. दादांची वस्तू घरातच राहील.

दादा झोपेत गेले. ना दुखणं, ना खुपणं. असं मरण पुण्यवानालाच येतं, असं आपल्यात म्हणतात. त्या राहुटीत वाईट काही घडलं असं तुम्ही मनात आणू नका. तुमची ती झालर मला अजून आठवते. आत कंदील जळतोय हे दहा पावलांवरून कळत नव्हतं. मी अंबादासला सांगितलंय, तुझ्या काकीच्या हातची शिवण आहे, तिच्यातून गोळी जाईल पण वारा जाणार नाही.

आपला
वसंता


करंजवाडी
७ डिसेंबर १९६१

भाऊजी,

उंदरांचं खोटं होतं. धोंडीबा म्हणतो ते खरं आहे. राहुटी धडधाकट आहे, माळ्यावर बांधून ठेवली आहे. मी खोटं का लिहिलं ते सांगायचं तर मागून सुरू करावं लागेल.

दादा शिकारीहून आले की एका वहीत लिहून ठेवत. कुठं गेलो, वारा कुठला होता, कोणतं जनावर दिसलं. ते गेल्यावर ती वही माझ्याकडं राहिली आणि मला तिच्यातलं एक अक्षर कळेना. घरातला माणूस गेला आणि त्याचं बोलणं कडीकुलपात राहिलं, असं झालं. मग मी शाळेतून बाराखडीचा तक्ता आणला. साखरेच्या पुड्याचा कागद, देवळावरची पाटी, जे दिसेल ते जुळवत बसायची. धुरपदाबाई शेजारून म्हणायची, हिला रिकामपण चावतंय. तिचं खरं होतं. वही वाचता यायला दीड वर्ष लागलं. शेवटच्या पानावर त्या सकाळी निघता निघता लिहिलेली एकच ओळ आहे. 'महानंदेने झालर लावली. आता उजेड बाहेर जात नाही, वाराही आत येत नाही.' ती ओळ वाचली तेव्हा मला आनंद झाला होता. माझं नाव त्यांनी कधी लिहिलं असेल असं वाटलं नव्हतं.

पुढं चावडीत ग्रामपंचायतीनं पुस्तकांचं कपाट ठेवलं. त्यातलं जे हाती लागेल ते मी आणते. गेल्या चैत्रात आरोग्यावरचं एक लहान पुस्तक आणलं. त्यात एक पान होतं. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. धूर दिसत नसला तरी निखाऱ्यातून एक विषारी वायू निघतो, त्याला वास नसतो. झोपलेला माणूस जागा होत नाही. आणि पुढं लिहिलं होतं, अशा माणसाचा चेहरा मेल्यावरही लालसर दिसतो.

तुम्ही गाडीतून त्यांना आणलंत तेव्हा सगळ्या बाया काय म्हणत होत्या, आठवतं? जित्या माणसाला न्हाय एवढं त्याज हाय तोंडावर. गजराबाईनं तर नाकापाशी सूत धरून पाहिलं होतं. त्या लाल गालांवरून मी हात फिरवला, आणि पुण्यवान म्हणून तेच चार वर्षं मनात धरून बसले.

ते पान मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. मग वहीची शेवटची ओळ पुन्हा वाचली. वाराही आत येत नाही.

म्हणून विचारते, आणि मला सरळ उत्तर पाहिजे. त्या रात्री राहुटीत शेगडी होती का? मला कुणावर आळ घ्यायचा नाही. ती झालर माझ्या हातची आहे, तिनं काय केलं हे मला कळलं पाहिजे. राहुटीचं मागाहून बघू.

महानंदा


नळदुर्ग
१६ डिसेंबर १९६१

ती. वहिनी,

पत्र मिळालं. तुमच्या मनात असले विचार यावेत याचं वाईट वाटलं. बाईमाणूस एकटं असलं की मन खातं. पुस्तकात शंभर गोष्टी लिहिलेल्या असतात, त्या सगळ्या आपल्या घरी घडतात असं नाही.

विस्तव बाहेर होता. राहुटीच्या बाहेर, चांगला लांब. डॉक्टरांनी छातीचा झटका सांगितला, तसं कागदावर आहे. दादांना आधीपासून खोकला होता हे तुम्हालाही ठाऊक आहे.

राहुटीचं राहू द्या. अंबादासनं सोलापूरहून छोलदारी आणली. तुम्हाला तसदी नको.

शारदेनं तुमच्यासाठी तिळाचे लाडू करून ठेवलेत, कुणी येडशीकडं येणारं भेटलं की पाठवते.

वसंतराव


करंजवाडी
२१ डिसेंबर १९६१

भाऊजी,

आधीच्या पत्रांत तुम्ही खाली वसंता म्हणून सही केलीत. या वेळी वसंतराव केलीत.

विस्तव लांब होता म्हणता. मग डुकरं कशाला आली असती? डोंगरात डुकरांच्या राखणीला बसायचं तर बाहेर ठिणगीसुद्धा दिसता कामा नये, हे दादांनी मला पन्नास वेळा सांगितलं होतं. त्यासाठीच तर झालर लावायची होती. तुम्ही पंधरा वर्षं त्यांच्यासंगं फिरलात. तुम्ही बाहेर विस्तव पेटवला असेल हे मला कुणी देवळात उभं राहून सांगितलं तरी पटणार नाही.

आणखी एक. त्यांच्याबरोबर परत आलेली सतरंजी मीच धुतली. तिला उशाकडच्या बाजूला तीन डाग आहेत, करपलेले, पैशाएवढे, चुलीच्या दगडांसारखे तीन बाजूंना. तेव्हा मी त्याचा विचार केला नाही. त्या दिवसांत मी कशाचाच विचार करत नव्हते. आता परवा सतरंजी काढून घरातली तीन पायांची शेगडी तिच्यावर ठेवून पाहिली. पाय बरोबर बसले.

मी रागावून लिहीत नाही. तुम्ही येत नव्हतात याचा मला राग होता असं तुम्हाला वाटतं. राग नव्हता. सणावाराला गाडीचा आवाज आला की मी दारात यायची, एवढंच. दादांबरोबर डोंगरात झोपलेलं माणूस तुम्हीच एक उरलात. त्यांच्याबद्दल मला ठाऊक नसलेलं काही ठाऊक असलेलं जगात दुसरं कुणी नाही. म्हणून मला वाटायचं, तुम्ही यावं, बसावं, काहीबाही सांगावं.

ते जाऊ द्या. आता ही गोष्ट माझी आणि तुमची राहिली नाही. अंबादासला वाटतं काका छातीच्या झटक्यानं गेले. त्याला डोंगरात थंडी वाजेल. बाहेर विस्तव करता येणार नाही. मग तो काय करेल? तुम्ही जे केलंत तेच करेल, कारण ते चुकीचं होतं हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. त्याच्याबरोबर आणखी तिघं झोपणार आहेत.

मला सांगू नका हवं तर. त्याला सांगा.

महानंदा


नळदुर्ग
५ जानेवारी १९६२

वहिनी,

दहा-बारा दिवस पत्र खिशात घेऊन फिरलो. आज लिहितो, कारण येत्या गुरुवारी मुलं निघतात.

शेगडी आत होती. मीच ठेवली.

त्या दिवशी दुपारपासून झोंबरा वारा सुटला होता. दादांना खोकल्याची ढास लागत होती. रानाच्या कडेला लपणासाठी खड्डा खणला होता, तिथं आम्ही दोघं बसणार होतो. ते म्हणाले, मी खोकलो तर जनावर येणार नाही, तू एकटा जा, मी पडतो. मी दगडाच्या आडोशाला बाभळीची खोडं जाळून ठेवली होती. धूर पुरता जाऊ दिला. नुसते लाल निखारे राहिले तेव्हा शेगडीत भरून आत आणले. दादा म्हणाले, बाहेर ठेव रे वसंता. मी म्हटलं, धूर कुठं आहे? मग ते काही बोलले नाहीत. घोंगडीतून हात काढून शेकत बसले. बरं वाटतंय म्हणाले.

बाहेर पडताना मी दाराचे बंद बाहेरून बांधले, वारा जाऊ नये म्हणून. तुमच्या झालरीवर सगळीकडून दगड ठेवले. ते उबेत झोपलेत या समाधानात मी लपणात जाऊन बसलो.

त्या रात्री डुक्कर पडलं, वहिनी. चांगलं सुळेवालं. उजाडताना मी दादांना हाका मारत आलो. बंद सोडून आत वाकलो तर माझंच डोकं गरगरलं, बाहेर येऊन ओकलो. मला वाटलं, त्यांना तसं पाहून झालं. मग सगळ्यांत आधी काय केलं असेल मी, तर शेगडी उचलली आणि ओढ्यात नेऊन पालथी केली. का केली हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. निखाऱ्यानं माणूस मरतो हे मला ठाऊक नव्हतं, देवाशपथ. पण पोलीसपाटील येईल, आत काय होतं विचारील, आणि तुम्ही विचाराल, एवढं मनात आलं. शेगडी ठेवायला ते नको म्हणाले होते, हेही मनात होतं. त्यानंतर पाच वर्षं तुमच्याकडं यायला निघालो की ओढ्यातला तो चर्र आवाज यायचा.

तुमचं त्या पुस्तकाबद्दलचं पत्र आलं तेव्हा इथल्या कंपाउंडरला आडून विचारलं. त्यानंही तेच सांगितलं. त्याच संध्याकाळी मी तुम्हाला 'विस्तव लांब होता' असं लिहिलं.

आता अंबादासचं. त्याला दोनदा समोर बसवलं. पहिल्यांदा दुकानात गिऱ्हाईक आलं. दुसऱ्यांदा कुणी आलं नाही, तरी माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. मुलगा मला शिकारीतला गुरू मानतो. दादा गेले ती गोष्ट तो मित्रांना सांगतो ती माझ्या तोंडची ऐकलेली. आणि सगळ्यांत वाईट हे की, मी तुमच्या झालरीचं इतकं कौतुक केलं होतं की त्यानं छोलदारीला खालून गोणपाट शिवून घेतलंय. चारी बाजूंनी. परवा मला दाखवत होता, म्हणाला, काकीच्या झालरीसारखं झालंय का बघा. मी बरं झालंय म्हणालो.

तुम्ही मोठ्या आहात. मला जमत नाही. तुम्हाला योग्य वाटेल ते करा. मी आड येणार नाही.

वसंता


करंजवाडी
१२ जानेवारी १९६२

भाऊजी,

तुमचं पत्र सोमवारी दुपारी मिळालं. अंबादासला पत्र लिहायला बसले होते, पण टपालाचा भरवसा नव्हता आणि गुरुवार जवळ होता. म्हैस धुरपदाबाईवर सोपवली आणि मंगळवारी पहाटेच्या एस.टी.नं निघाले. येडशीहून उस्मानाबाद, तिथून तुळजापूर, तिथून तुमचं गाव. एकटीनं एवढ्या लांब मी पहिल्यांदाच गेले. तुळजापूरला देवीला जायला वेळ नव्हता, स्टँडवरूनच हात जोडले.

मी दारात आले तेव्हा तुम्ही नव्हतात. टायर आणायला पहाटेच सोलापूरला गेलात असं शारदाबाई म्हणाल्या. गेला असाल.

अंबादास अंगणातच होता. छोलदारी पसरून दोऱ्या तपासत होता. मला पाहून त्याला इतका आनंद झाला की सांगायला आलेलं मी जरा मागं ठेवलं. आधी त्यानं ते गोणपाट दाखवलं. शिवण वाईट होती, टाके लांब लांब, पण वारा अडवायला पुरेशी. मी विचारलं, थंडी वाजली तर काय करणार? तो म्हणाला, शेगडी नेतोय की, कोळसे भरून ठेवलेत. मी म्हटलं, ती आत ठेवू नको, जीव जातो. तो हसला.

"काकी, शेगडीनं माणूस मरत असता तर निम्मं नळदुर्ग मेलं असतं."

"निम्म्या नळदुर्गाच्या दाराखालून वारा येतो," मी म्हटलं. "तू तो शिवून टाकलायस."

मग मी त्याला सगळं सांगितलं. काका कसे गेले, शेगडी कुठं होती, झालर कुणी शिवली, बंद कुणी बांधले. शारदाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, त्यांनीही ऐकलं. त्यांना हे ठाऊक नव्हतं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावरून दिसलं. भाऊजी, तुम्ही आड येणार नाही म्हणाला होतात, म्हणून मी काही राखलं नाही. एकच राखलं. अंबादासनं दोरी बोटाला गुंडाळली आणि विचारलं, "बाबांना हे किती दिवस माहीत होतं?"

मी म्हटलं, "तुझ्या बाबांनीच मला लिहून कळवलं, म्हणून तर मी आले."

तेही खोटं नाही. त्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे त्याला समजलं असेल. पुढं त्यानं विचारलं नाही. घरातून खुरपं आणलं आणि गोणपाटाचे टाके उसवायला बसला. एका बाजूनं तो, दुसऱ्या बाजूनं मी. दोन्ही पडदे वर बांधून झोपायचं वचन मला देऊन तुमचा मुलगा गुरुवारी गेला असेल, आणि कोळशाचं पोतं शारदाबाईंनी आत नेऊन ठेवलंय. तो आज-उद्या परत येईल. त्याच्याशी तुम्ही बोला. त्याला आता माझ्याकडून ऐकायचं काही राहिलेलं नाही, तुमच्याकडून आहे.

शारदाबाईंनी जेवू घातलं. निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला आणि एस.टी. सुटेपर्यंत सोडला नाही.

आता तुमचं माझं. तुम्ही बंद बांधलेत, मी झालर शिवली. त्यांनी स्वतः हात शेकले. तिघांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ओढ्यात निखारे टाकलेत ते मात्र ठाऊक असल्यासारखं टाकलंत, आणि त्यापायी पाच वर्षं मी एकटी राहिले त्यापेक्षा जास्त एकटी राहिले. तुम्हाला माफ केलं असं मी लिहिणार नाही. लिहिलं तर मला कोण माफ करणार, असा प्रश्न उरतो, आणि ज्याला तो विचारायचा तो माणूस नाही. ते नको म्हणाले होते, आणि मग बरं वाटतंय म्हणाले, हे तुम्ही लिहिलंत. त्यांचं शेवटचं बोलणं मला कुणी सांगितलं नव्हतं. ते आता माझ्यापाशी आहे.

राहुटी मी कुणाला देणार नाही. ती शिकारीला जाणार नाही. पण तुम्ही या. कधीही या. दार बांधलेलं नसतं.

मंगळवारी घरी पोचायला दिवेलागण झाली. येताना एस.टी.च्या खिडकीतून दोन्ही बाजूंची रानं दिसत होती. शाळू हुरड्याला आलाय, त्यामुळं जागोजाग राखणीच्या खोपी उभ्या आहेत. कडब्याच्या, बुटक्या, वाऱ्याच्या बाजूनं लिंपलेल्या, आणि दाराला ताटी. सांज झाली तसा एकेकीतून आतला लाल उजेड दिसायला लागला. रस्त्याकडंच्या एका खोपीची ताटी एक म्हातारा आतून ओढून घेत होता, तेवढं मी पाहिलं आणि गाडी पुढं गेली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या गावच्या शिवारातल्या खोपी फिरले. एकूण नऊ होत्या. प्रत्येक ठिकाणी उभं राहून सांगितलं की विस्तव आत असला तर ताटी लावू नका. पाच जणांनी ऐकलं. चौघं हसले. त्या चौघांकडं मी संध्याकाळी परत गेले.

महानंदा